नजरेचा जमाखर्च

गेल्या पावसाळ्यात एका रविवारी दुपारी नात्यातली एक सून आमच्याकडे आली. हातात मोबाइल होता, पण तो तिने नॅपकिनात गुंडाळून आणला होता; मेलेला उंदीर बाहेर टाकायला न्यावा तसा. टेबलावर ठेवला आणि बराच वेळ काही बोलली नाही. मुलगा आठवीत. फोन तिचाच, अभ्यासाच्या निमित्ताने त्याच्या हाती असायचा. त्यावर तो काय काय पाहत होता हे तिला त्या दिवशी सकाळी कळले होते. बापाने मुलाला दोन मुस्काटात दिल्या होत्या. मुलगा जेवला नाही, बापही जेवला नाही. ती मिस्साही चुकवून माझ्याकडे आली होती. “काका, तुम्ही कादंबऱ्या लिहिता. तुम्हाला त्याच्याशी बोलता येईल,” ती म्हणाली.

कादंबरीकाराला बोलता येते हा लोकांचा एक गोड गैरसमज आहे. त्याला लिहिता येते ते बोलता येत नाही म्हणूनच. तरी मी “उद्या संध्याकाळी पाठव” म्हणालो आणि रात्रभर जागा राहिलो. मुलाला काय सांगायचे हा प्रश्न होताच. त्याहून मोठा प्रश्न होता, सांगणारा मी कोण?

हा लेख त्या रात्रीतून निघाला आहे. मुलाची ओळख पटेल असे काही मी यात ठेवलेले नाही आणि छापायला देण्याआधी त्याला व त्याच्या आईला तो वाचून दाखवला आहे. रविवारची ही पुरवणी चहाबरोबर घरातले सगळे वाचतात, तेव्हा आजीने नातवापुढे मोठ्याने वाचला तरी कोणी उठून जाऊ नये अशाच शब्दांत लिहीन. पण विषय टाळणार नाही. टाळून टाळूनच तो आठवीच्या दप्तरापर्यंत येऊन पोचला आहे.

आधी माझे खाते मांडतो. बँकेत होतो तेव्हाची सवय, दुसऱ्याची वही तपासण्याआधी आपली टॅली करावी.

१९८७ साल असावे. मी सत्तावीस वर्षांचा, अविवाहित, आणि वसईहून उचलून मराठवाड्यातल्या एका तालुक्याच्या गावी टाकलेला अधिकारी. तिघे मिळून एक खोली. शनिवारी अर्धा दिवस बँक. दुपारनंतर करायचे काय? गावात एक व्हिडिओ लायब्ररी नव्यानेच निघाली होती. टीव्ही, व्हीसीआर आणि तीन कॅसेटी रात्रीपुरत्या भाड्याने मिळत. दोन हिंदी चित्रपटांच्या, तिसरीवर चिठ्ठी नसायची. दारे-खिडक्या लावून, आवाज बंद करून ती पाहिली जायची. एकदा पाहिली असती तर तारुण्यातला आचरटपणा म्हणून विसरलो असतो. पुढे पाच-सहा महिने प्रत्येक शनिवारी हेच चालले, आणि बुधवारपासून माझे मन शनिवारची वाट पाहू लागले.

कॅसेटमध्ये काय होते ते सांगण्यात अर्थ नाही. सांगण्याजोगे घडले ते सोमवारी. ज्यांना सही येत नाही अशा खातेदारांच्या पैसे काढण्याच्या स्लिपेवर अधिकाऱ्यासमोर अंगठा घ्यायचा असतो. पासबुकावर फोटो असतो. त्या फोटोकडे पाहायचे, मग समोरच्या माणसाकडे पाहायचे, ही तीच व्यक्ती आहे याची खात्री करायची आणि मगच पैसे द्यायला मंजुरी द्यायची. त्या सोमवारी एक मजूर बाई आली. रोजगार हमीच्या कामावरची, तिशीतली. मी अंगठा घेतला, स्लिप पुढे सरकवली, आणि ती वळून कॅशिअरकडे गेल्यावर माझ्या ध्यानात आले की, मी तिच्याकडे अगदी नीट पाहिले होते, पण तिचा चेहरा मला आठवत नव्हता. ज्याच्यासाठी मला पगार मिळत होता तेवढेच नेमके मी पाहिले नव्हते.

पोर्नोग्राफीने काय बिघडते असे कोणी विचारले तर मला पहिल्याप्रथम ती स्लिप आठवते. इतर हानी पुढे येतेच. माझ्या एका सहकाऱ्याचा संसार याच सवयीने विस्कटला. बायकोशी बोलणे कमी झाले, तिच्याकडून भलत्याच अपेक्षा सुरू झाल्या, ती माहेरी गेली आणि का गेली हे ती आईलासुद्धा सांगू शकली नाही. पण या सगळ्याच्या आधी पाहणाऱ्याची नजर बदलते. माणसाचे तुकडे करून पाहण्याची तिला सवय लागते. ही सवय शनिवारच्या खोलीत राहत नाही. ती आपल्याबरोबर कचेरीत येते, बसमध्ये येते, देवळात आणि चर्चमध्येही येते.

मी वसईचा ख्रिस्ती. लहानपणापासून डोंगरावरचे प्रवचन ऐकत आलो आहे. मत्तयच्या शुभवर्तमानाच्या पाचव्या अध्यायात येशू व्यभिचाराच्या आज्ञेचा अर्थ सांगतो तेव्हा तो कृतीच्या मागे जाऊन नजरेवर बोट ठेवतो. परस्त्रीकडे वासनेने पाहिले की मनात तो गुन्हा घडून चुकला, असा त्याचा आशय आहे. तरुणपणी मला हे फार जाचक वाटे. मनावर कसला खटला? पुढे वय वाढल्यावर त्या वचनातली दुसरी बाजू दिसली आणि मी थक्क झालो. त्या काळचा पुरुषी समाज पुरुषाच्या मोहाचा दोष स्त्रीवर टाकत असे, तिला झाका, कोंडा, पडद्यात ठेवा. येशू इथे स्त्रीला एका शब्दानेही बोलत नाही. तिने काय नेसले होते, ती कुठे उभी होती, काही नाही. सगळा हिशेब तो पाहणाऱ्याच्या नावे लिहितो. डोळा पापाला कारण होत असेल तर डोळा काढ, असे पुढे तो अतिशयोक्तीने म्हणतो, तेही पाहणाऱ्यालाच.

आमच्या धर्मगुरूंनी मात्र ही गोष्ट नेहमी लक्षात ठेवली असे मला म्हणता येत नाही. मुलींच्या बाह्या आणि फ्रॉकची लांबी यांवरची प्रवचने मी लहानपणी कितीतरी ऐकली. मुलांच्या डोळ्यांवरचे एकही आठवत नाही. आणि ख्रिस्तसभेचा स्वतःचा अंगरखा स्वच्छ नाही हेही इथेच सांगून टाकले पाहिजे. २००२ साली अमेरिकेतल्या बॉस्टन शहरातील धर्मगुरूंची प्रकरणे वृत्तपत्राने बाहेर काढली, मग एकेका देशातून तशाच कहाण्या आल्या. लहान मुलांना वापरले गेले होते आणि वरिष्ठांनी ते झाकले होते. त्यामुळे या विषयावर उच्चासनावरून बोलण्याचा अधिकार आम्हाला उरलेला नाही. खाली जमिनीवर बसून बोलता आले तरच बोलावे.

जमिनीवरून आठवले. योहानच्या शुभवर्तमानातल्या आठव्या अध्यायातला प्रसंग बहुतेकांना ठाऊक असतो. व्यभिचारात धरलेल्या एका बाईला लोक मंदिराच्या आवारात घेऊन येतात, सर्वांच्या मध्ये उभी करतात आणि हिला दगडांनी मारायचे ना, असे येशूला विचारतात. ज्याने पाप केले नाही त्याने पहिला दगड मारावा हे त्याचे उत्तर म्हणीसारखे झाले आहे. पण उत्तराआधी तो काय करतो? तो खाली वाकतो आणि बोटाने जमिनीवर लिहू लागतो. काय लिहिले यावर दोन हजार वर्षे पंडितांनी तर्क लढवले. मला वाटते, लिहिण्यापेक्षा वाकणे महत्त्वाचे असावे. विस्कटलेल्या अवस्थेत ओढून आणलेली एक स्त्री मध्ये उभी आहे आणि सगळा जमाव तिच्याकडे टक लावून पाहतो आहे. पुरुष कुठे आहे, तो का आणला नाही, हे कोणी विचारत नाही. त्या सगळ्या गर्दीत एकटा येशू तिच्यावरून नजर काढून घेतो. जमाव पांगल्यावर मग तो उभा राहतो, तिच्याकडे पाहतो आणि तिच्याशी बोलतो. सबंध प्रसंगात तिच्याशी बोलणारा तो एकटाच आहे.

आपल्या हातातल्या पडद्यावर रोज हाच जमाव जमतो. फरक इतकाच की त्यातल्या प्रत्येकाला आपण एकटे आहोत असे वाटते.

ख्रिस्ती धर्म शरीराला घाणेरडे मानतो, म्हणून तो याच्या विरोधात आहे, असा एक समज आहे. त्याला आमच्याच काही साधुपुरुषांनी खतपाणी घातले. पण देवाने मानवी देह धारण केला ही ज्या धर्माची मूळ श्रद्धा, त्याला देह तुच्छ मानणे परवडणारच नाही. पौलाने करिंथ येथील लोकांना पत्र लिहिले तेव्हा तुमचे शरीर हे पवित्र आत्म्याचे मंदिर आहे, अशी त्यांना आठवण दिली. करिंथ म्हणजे दोन बंदरांमधले श्रीमंत व्यापारी शहर. तिथे माणसांचाही बाजार होता. मंदिराची उपमा तिथल्या गुलामालाही लागू होती, ही त्यातली खरी धग.

पोप जॉन पॉल दुसरे यांनी सप्टेंबर १९७९ ते नोव्हेंबर १९८४ या काळात बुधवारच्या सभांमधून शरीर आणि प्रेम या विषयावर एक प्रदीर्घ व्याख्यानमाला दिली. त्यातल्या ८ ऑक्टोबर १९८० च्या भाषणात ते म्हणाले की, पुरुष आपल्या स्वतःच्या पत्नीकडेही केवळ वासनेने पाहत असेल तर मनातला तो व्यभिचार तिच्याही बाबतीत घडू शकतो. वृत्तपत्रांनी त्यांची यथेच्छ टर उडवली. नवऱ्याने बायकोकडे पाहायचेही नाही काय! खरे तर त्यांचा मुद्दा सरळ होता. लग्नाचा दाखला हा माणसाला वापरण्याचा परवाना नव्हे. आपल्याकडे आज ज्या बायकांना नवऱ्याच्या मोबाइलमधले पाहून ठरवलेल्या मागण्या निमूटपणे सोसाव्या लागतात त्यांना त्या भाषणाचा अर्थ समजावून सांगावा लागणार नाही.

आता हिशेबाकडे येतो. बँकेत पहिल्या आठवड्यात शिकवतात ते हे की एका खात्यात काही जमा झाले तर दुसऱ्या कुठल्यातरी खात्याला ते नावे पडलेलेच असते. फुकट असे काही नसते. मोबाइलवर दिसणारे हे सगळे फुकट असते, निदान तसे वाटते. मग नावे कोणाच्या पडते?

‘पोर्नोग्राफी’ या शब्दातच त्याचे उत्तर आहे. ग्रीकमध्ये ‘पोर्ने’ म्हणजे वेश्या, आणि त्या शब्दाचे मूळ विकणे या धातूत आहे. विकली गेलेली ती ‘पोर्ने’. रोमन साम्राज्यात या धंद्यातल्या बहुसंख्य स्त्रिया गुलाम होत्या. त्यांच्या संमतीचा प्रश्न कोणाच्या डोक्यातही येत नसे, कारण वस्तूला कोण विचारतो? इ. स. ४२८ मध्ये थिओडोशिअस दुसरा या ख्रिस्ती सम्राटाने कायदा केला की बापाने मुलीला किंवा मालकाने दासीला या धंद्यात ढकलले तर त्याचा तिच्यावरचा हक्क संपेल आणि ती बिशपकडे दाद मागू शकेल. त्या कायद्याने धंदा बंद झाला नाही. पण जिला ढकलले गेले आहे तीही कोणी आहे, हे राज्याच्या दप्तरात नोंदले गेले.

ढकलणे आजही चालूच आहे, फक्त त्याला करारपत्र जोडलेले असते. जानेवारी २०२० मध्ये अमेरिकेतील सॅन दिएगो येथील न्यायालयाने २२ स्त्रियांना मिळून सुमारे १ कोटी २७ लाख डॉलरची भरपाई मंजूर केली. त्या कॉलेजच्या वयाच्या मुली होत्या. मॉडेलिंगच्या जाहिरातीला उत्तर देऊन गेल्या. तिथे गेल्यावर त्यांना सांगण्यात आले की हे चित्रण इंटरनेटवर येणार नाही, फक्त परदेशात डीव्हीडीवर विकले जाईल. महिन्याभरात ते जगभर पसरले. शेजारी, शिक्षक, भावंडे, सगळ्यांनी पाहिले. कंपनीचा मालक पळाला, डिसेंबर २०२२ मध्ये स्पेनमध्ये पकडला गेला आणि सप्टेंबर २०२५ मध्ये त्याला २७ वर्षांची शिक्षा झाली. ज्या लाखो लोकांनी त्या चित्रफिती पाहिल्या त्यांच्यापैकी कोणालाही, आपण एका फसवणुकीचा शेवटचा हप्ता वसूल करतो आहोत, हे ठाऊक नव्हते. पडद्यावर हसणारी मुलगी राजीखुशीने हसते आहे की धाकाने, हे ओळखण्याचे पाहणाऱ्यापाशी काहीही साधन नाही. फोटोशी चेहरा ताडून न पाहता दिलेली मंजुरी आहे ती.

त्याच वर्षीची दुसरी घटना माझ्यातल्या बँकरला जास्त भिडली. या धंद्यातल्या जगातल्या एका सर्वांत मोठ्या संकेतस्थळावर अल्पवयीन मुलींच्या आणि बलात्काराच्याही चित्रफिती आहेत, असे लैला मिकलवेट ही ख्रिस्ती कार्यकर्ती वर्षभर ओरडून सांगत होती. तिच्या अर्जावर वीस लाखांवर सह्या झाल्या होत्या. संकेतस्थळ ढिम्म होते. ४ डिसेंबर २०२० रोजी निकोलस क्रिस्टॉफ यांनी न्यूयॉर्क टाइम्समध्ये त्या मुलींच्या कहाण्या लिहिल्या. एकदा काढून टाकलेली फीत पुन्हा पुन्हा कशी वर येते आणि मुलगी पुन्हा पुन्हा कशी मरते, हे त्यात होते. आणि मग १० डिसेंबरला मास्टरकार्ड आणि व्हिसा या दोन कंपन्यांनी त्या संकेतस्थळावरचे आपले व्यवहार थांबवले. चार दिवसांत तिथल्या निम्म्याहून कितीतरी अधिक चित्रफिती, म्हणजे जवळजवळ एक कोटी, काढून टाकण्यात आल्या. कारण त्या कोणी चढवल्या याची कसलीच पडताळणी झालेली नव्हती. जे आईबापांच्या विनवण्यांनी झाले नाही ते पैशाची नळी बंद होताच चार दिवसांत झाले. याचा अर्थ असा की ती नळी तोवर चालू होती. माझ्यासारख्याच कोणीतरी, टाय लावून, वातानुकूलित खोलीत बसून, रोज त्या व्यवहारांना मंजुरी दिली होती. त्याला दोष देताना माझी जीभ जड होते.

कायद्याचे म्हणाल तर तो आपल्याकडे आहे आणि बऱ्यापैकी कडक आहे. बंदीचे प्रयोगही झाले. ऑगस्ट २०१५ मध्ये सरकारने ८५७ संकेतस्थळे बंद केली आणि ओरड होताच काही दिवसांत बंदी सैल केली. उत्तराखंड उच्च न्यायालयाच्या आदेशानंतर ऑक्टोबर २०१८ मध्ये पुन्हा ८२७ बंद झाली. त्यातून वाट कशी काढायची हे आठवीतल्या मुलाला सरकारपेक्षा चांगले कळते. एक निकाल मात्र मला महत्त्वाचा वाटतो. २३ सप्टेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने लहान मुलांचे असे चित्रण जवळ बाळगणे आणि पाहणे हाही गुन्हा आहे हे स्पष्ट केले, आणि ‘चाइल्ड पोर्नोग्राफी’ हा शब्दच टाकून द्या, ते मुलांचे शोषण आहे, तसेच म्हणा, असे सुचवले. नाव बरोबर दिले की नजर बरोबर होते, हे न्यायालयालाही पटलेले दिसते.

आता यातून सुटायचे कसे? निर्धाराने, असे उत्तर आपण सगळेच देतो. सेंट ऑगस्टीनने आपल्या आत्मनिवेदनात अलिपिअस या मित्राची एक हकिकत सांगितली आहे. अलिपिअस रोममध्ये कायदा शिकत होता. माणसे माणसांना ठार मारतात ते आखाड्यातले खेळ त्याला अजिबात आवडत नसत. मित्रांनी एक दिवस त्याला ओढून नेले. तो म्हणाला, माझे शरीर न्याल, माझे डोळे आणि मन थोडेच नेता येणार आहे? तो तिथे डोळे मिटून बसला. मग आखाड्यात कोणीतरी पडला, प्रेक्षकांनी गर्जना केली आणि त्याने फक्त काय झाले ते पाहण्यासाठी डोळे उघडले. झाले! तो रक्त पाहतच राहिला. नंतर तो स्वतःहून जाऊ लागला, इतकेच नव्हे, दुसऱ्यांना ओढून नेऊ लागला. अल्गोरिदम नावाचे यंत्र निघण्याच्या सोळाशे वर्षे आधीची ही गोष्ट आहे. ऑगस्टीनचे निदान असे की त्याचा घात त्याच्या आत्मविश्वासाने केला. हाच अलिपिअस पुढे बिशप झाला, म्हणजे आशेला जागा आहे. पण तो आखाड्यात डोळे मिटून बसून सुटला नाही. योसेफाची जुन्या करारातली गोष्टही हेच सांगते. पोटीफरच्या बायकोने त्याचे वस्त्र धरले तेव्हा त्याने तिच्याशी वाद घालत बसण्याऐवजी वस्त्र तिच्या हाती सोडून पळ काढला. ज्या खोलीत पाय घसरतो तिथे परीक्षा द्यायला बसू नये. रात्री फोन उशाशी न ठेवता दिवाणखान्यात ठेवावा, आणि हा नियम बापालाही लागू असावा.

माझी सुटका कशी झाली ते सांगतो. त्या वर्षी नाताळला घरी आलो तेव्हा पापनिवेदनाला गेलो. आमच्याकडची जुनी माणसे त्याला कुमसार म्हणतात. तिथे जे बोलले जाते त्याच्या गुप्ततेचे बंधन धर्मगुरूवर असते, माझ्यावर नाही, म्हणून सांगता येते. फादर म्हातारे होते, बाहेरगावचे पाहुणे. मला वाटले आता नरकाचे वर्णन ऐकावे लागणार. त्यांनी विचारले, “शनिवारी संध्याकाळी तू एकटा असतोस का?” मी म्हणालो, “एकटा नाही, तिघे असतो.” ते म्हणाले, “म्हणजे एकटाच.” मग त्यांनी दोन गोष्टी सांगितल्या. शनिवारी संध्याकाळी गावातल्या कुठल्यातरी वसतिगृहात मुलांना गणित शिकवायला जायचे. आणि त्या चित्रफितीतली जी बाई सर्वांत जास्त आठवते तिच्यासाठी रोज एक प्रार्थना करायची. “नाव माहीत नसेल तर एखादे नाव दे,” ते म्हणाले.

मी चक्रावलो. पण प्रायश्चित्त म्हटल्यावर करणे भाग होते. मी तिला मार्था हे नाव दिले; माझ्या आतेचे. पहिल्या रात्री प्रार्थना करताना मला इतकी लाज वाटली की मी शब्द गिळले. नाव दिले की आई-बाप येतात, गाव येते. तिने सकाळी काय खाल्ले असेल, तिला ताप असताना तिथे उभे केले असेल काय, असले प्रश्न येतात. ज्याच्यासाठी प्रार्थना करतो त्याला त्याच वेळी वापरता येत नाही, निदान मला आले नाही. तरी त्यानंतरही दोनदा मी त्या कॅसेटीसमोर बसलो, हे लपवत नाही. पण तिसऱ्या शनिवारी वसतिगृहातली पोरे वाट पाहत होती आणि अपूर्णांक अर्धे राहिले होते. पुढे लग्न ठरले तेव्हा मी हे सगळे बायकोला सांगितले. ती म्हणाली, “बरं झालं, नाव तरी चांगलं दिलंत.” ती आजही त्यावरून मला टोमणे मारते.

२०२२ पासून लागू झालेल्या जागतिक आरोग्य संघटनेच्या आजारांच्या यादीत लैंगिक वर्तनावरचा ताबा सुटणे हा विकार म्हणून आला आहे. पण निव्वळ नैतिक अपराधभावामुळे होणारा त्रास म्हणजे हा विकार नव्हे, असेही तिथे बजावले आहे. आम्हा धार्मिक लोकांना ही सूचना नीट वाचण्याची गरज आहे. मुलाला आपण राक्षस आहोत असे वाटायला लावले की तो त्या लाजेपासून पळतो, आणि पळून पुन्हा तिथेच जातो, कारण तिथे त्याला कोणी ओळखत नाही. ज्यांचा ताबा खरोखर सुटला आहे त्यांनी डॉक्टरकडे जावे. त्यात श्रद्धा कमी पडली असे काही नाही.

पंडिता रमाबाईंची मला या संदर्भात नेहमी आठवण होते. १८९६-९७ च्या दुष्काळात त्या मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व विधवांना केडगावला घेऊन आल्या. अशा मुलींना हेरणारी माणसे तेव्हाही फिरत होती. रमाबाईंनी समाजाच्या अधःपतनावर भाषणे करण्यात वेळ घालवला नाही. मुलींना अक्षरे शिकवली, माग शिकवले, छापखाना चालवायला शिकवले. मूळ हिब्रू आणि ग्रीकवरून त्यांनी केलेला मराठी बायबलचा अनुवाद त्याच मुक्ती सदनातल्या स्त्रियांच्या हातांनी छापला गेला. दुसऱ्याच कोणाच्या तरी बाजारात ज्यांच्याकडे लोक टक लावून पाहत राहिले असते त्या स्त्रिया तिथे खिळे जुळवत बसल्या होत्या.

सोमवारी संध्याकाळी मुलगा आला. डाव्या गालावर अजून लाली होती. घरात बोलणे जमेना, म्हणून त्याला वाडीत घेऊन गेलो. केळीच्या बागेतून बावखलापर्यंत जाईतो मी एकही शब्द बोललो नाही, कारण सुचतच नव्हता. बावखल तुडुंब भरले होते. काठावर बसल्यावर मी रात्री ठरवलेले सगळे बाजूला ठेवले आणि त्याला तालुक्याच्या गावाची, चिठ्ठी नसलेल्या कॅसेटीची, अंगठ्याच्या स्लिपेची आणि फादरांची गोष्ट सांगितली, वर लिहिली आहे तशीच.

“आजोबा, तुम्ही पण?” तो म्हणाला. त्याच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा काहीतरी हलले.

“हो.”

बराच वेळ तो पाण्यात बारीक खडे टाकत राहिला. मला वाटले, पुरे झाले, आता उठावे. मग त्याने विचारले, “त्या मार्थाचं पुढे काय झालं?”

मला माहीत नाही, मी म्हणालो.

तो मनाशी काहीतरी मोजत होता. १९८७ पासूनची वर्षे असावीत. गणितात तो बरा आहे.

“म्हणजे आता ती आजी असेल ना?” तो म्हणाला.